घरात टीबी निघाला तर: लागण समजून घेण्यापासून औषध संपेपर्यंत

घरात कुणाला टीबी निघाला की पहिल्या तासाभरात बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. त्या माणसाचं ताट, पेला, पांघरूण बाजूला काढलं जातं आणि मुलांना त्याच्या खोलीत फिरकू नका म्हणून सांगितलं जातं. हेच घर त्याआधी दोन-तीन महिने, तो रात्रभर खोकत असताना, खिडक्या लावून त्याच्याच शेजारी झोपलेलं असतं.

घरच्यांची भीती रास्त आहे, ती फक्त उशिरा आलेली आहे. टीबी सर्वांत जास्त पसरतो तो निदान होण्याआधीच्या काळात. योग्य औषध सुरू झालं की रुग्णाकडून होणारा प्रसार झपाट्याने उतरतो. मी बरीच वर्षं बेडक्याच्या स्लाइड तपासण्याचं काम केलं. पॉझिटिव्ह स्लाइड समोर आली की मला पहिला प्रश्न पडायचा, ‘हा माणूस किती दिवसांपासून खोकतोय?’ पुढे जे काही लिहिलं आहे ते सगळं हे दिवस कमी कसे करायचे याबद्दल आहे.

जंतूचा स्वभाव

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं, म्हणून २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो. काडीसारखा, दोन ते चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीचा हा जंतू आहे. त्याच्याभोवती मेणासारखं जाड कवच असतं. स्लाइडवर लाल रंग ओतून ती खालून तापवायची, मग आम्लाने धुवायची. बाकी सगळ्याचा रंग निघून जातो, या जंतूचा जात नाही. नंतर निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेल्या गुलाबी-लाल काड्या दिसतात. कधी एकेकट्या, कधी जुडीने. तेलाचा थेंब टाकून शंभर फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारे शंभर भाग, बघितल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही, हा आमचा नियम.

त्याची दुसरी खोड म्हणजे त्याचा संथपणा. पोटातले नेहमीचे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, क्षयाच्या जंतूला त्यासाठी १५ ते २० तास लागतात. आजार पावलं न वाजवता येतो, कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीचा, निकाल यायला आठवडे लागतात, औषध महिनोन् महिने घ्यावं लागतं, या सगळ्याच्या मुळाशी हा संथपणा आहे.

लागण होते ती हवेतून

फुप्फुसाचा किंवा स्वरयंत्राचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो किंवा गातो तेव्हा तोंडातून तुषार उडतात. मोठे थेंब हातभर अंतरावर खाली पडतात आणि त्यांच्याकडून फारसा धोका नसतो. बारीक थेंब मात्र हवेतच वाळतात आणि एक ते पाच मायक्रॉनचे कण उरतात. कवडशात तरंगणारी धूळ तुम्ही पाहिली असेल. डोळ्यांना दिसणारे ते कण यांच्यापेक्षा कितीतरी मोठे असतात. टीबीचे कण इतके हलके असतात की बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात, खोकणारा माणूस उठून गेला तरी. श्वासाबरोबर ते थेट फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशापर्यंत पोचतात. लागण व्हायला त्यांनी तिथवर पोचावं लागतं.

हे सिद्ध कसं झालं ते सांगण्यासारखं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स यांनी टीबीच्या वॉर्डातली हवा नळाने वरच्या मजल्यावर नेली. तिथे गिनीपिग ठेवले होते. ना रुग्णाचा स्पर्श, ना त्याची भांडी, ना त्याचे कपडे, फक्त हवा. तरी गिनीपिगना टीबी झाला. पुढच्या टप्प्यात तीच हवा अतिनील किरणांमधून सोडली, तेव्हा त्या बाजूचे गिनीपिग सुरक्षित राहिले.

म्हणून ताट, पेला, चादर, टॉवेल, हस्तांदोलन, गळाभेट, एकत्र जेवण, यांतलं काहीही टीबी पसरवत नाही. टीबी झालेल्या आईच्या दुधातूनही तो जात नाही. औषध सुरू असलेल्या आईने बाळाला पाजावं, सुरुवातीचे दिवस फक्त मास्क लावावा. गाठीचा, हाडाचा, मेंदूचा, पोटाचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही. मात्र जोडीला फुप्फुसातही तो नाही ना, हे एक्स-रे काढून बघून घ्यावं.

लागण वेगळी, रोग वेगळा

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. जंतू वायुकोशात पोचला की शरीराच्या संरक्षक पेशी त्याला गिळतात. बहुधा त्यांना तो मारता येत नाही, मग त्या त्याच्याभोवती एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि एक बारीकशी गाठ तयार होते. आत जंतू निपचित पडून असतो. याला लागण म्हणायचं. असा माणूस ठणठणीत असतो, तो कुणालाही टीबी देऊ शकत नाही, त्याच्या बेडक्यात काही सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना अशी लागण होऊन गेलेली आहे.

त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधी तरी रोग होतो, आणि त्यातल्या साधारण निम्म्यांना तो लागणीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होतो. त्या गाठीचा घेरा तुटतो, आतलं ऊतक चीजसारखं मऊ पडतं, श्वासनलिकेकडे वाट फुटते आणि फुप्फुसात पोकळी तयार होते. तिथे भरपूर ऑक्सिजन मिळतो, जंतू कोट्यवधींनी वाढतात आणि प्रत्येक खोकल्याबरोबर बाहेर पडतात. लागणीचा असा रोग झाला की हा माणूस दुसऱ्याला टीबी देऊ शकतो.

घेरा कुणाचा तुटतो? ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे त्याचा. एचआयव्ही हे त्याचं सर्वांत मोठं कारण. मधुमेहात धोका दोन ते तीन पट होतो. कुपोषण, तंबाखूचा धूर, दारू, फुप्फुसात साचलेली दगडाची धूळ, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड्स आणि पाच वर्षांखालचं वय हीही कारणं आहेत. यातलं कुपोषण आपण फार हलक्यात घेतो. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, टीबी रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा पुरवल्यावर त्यांच्यातलं नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. रुग्णाच्या ताटाकडे तर बघायचंच, पण घरातल्या प्रत्येकाच्या ताटाकडे बघायला हवं.

पायरी पहिली: दोन आठवडे मोजा

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, रात्री कपडे ओले होतील इतका घाम, कारण नसताना घटणारं वजन, मेलेली भूक, बेडक्यात रक्त. सगळं एकत्र असायलाच हवं असं नाही, यातलं एक पुरेसं आहे. ‘हवा बदलली’, ‘सिगारेटचा खोकला आहे’ असं म्हणत लोक महिने काढतात. खोकला कधी सुरू झाला ती तारीख लिहून ठेवा, कारण आठवणीत तो नेहमी ‘परवापासूनच’ असतो.

आणखी एक गोष्ट. वेगवेगळ्या देशांत घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांमध्ये टीबीचे जंतू सापडलेल्या सुमारे निम्म्या लोकांनी आपल्याला काहीच त्रास नसल्याचं सांगितलं होतं. म्हणून घरात एकाला टीबी निघाला असेल तर बाकीच्यांनी खोकल्याची वाट बघू नये.

पायरी दुसरी: लाळ नको, बेडका द्या

प्रयोगशाळेत येणाऱ्या डब्यांपैकी कितीतरी डब्यांत नुसती लाळ असते. पातळ, पांढरी, फेसाळ. ती तपासून निगेटिव्ह आली तर त्याला काही अर्थ नाही. रुग्ण मात्र ‘माझी तपासणी झाली, काही निघालं नाही’ असं समजून घरी जातो आणि पुढचे दोन महिने खोकत राहतो. मला या कामात सर्वांत जास्त वाईट याचंच वाटायचं, कारण नीट समजावून सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

सकाळी उठल्याउठल्या, काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत जा, नाहीच जमलं तर उघड्या खिडकीपाशी उभे राहा. आजूबाजूला कुणी नको. खोल श्वास घ्या, क्षणभर धरा, सोडा. असं दोन-तीनदा करा. मग पोटापासून जोर लावून खोका. छातीतून जे वर येतं ते थेट डब्यात सोडा. घट्ट, चिकट, पिवळसर किंवा हिरवट असा बेडका हवा, साधारण अर्धा ते एक चमचा. डब्याच्या बाहेर काही लागू देऊ नका, झाकण घट्ट लावा, हात धुवा आणि डबा त्याच दिवशी पोचवा. बेडका येतच नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो. लहान मुलांत पोटातलं पाणी किंवा शौचही तपासता येतं.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एका मिलिलीटरमध्ये ते किमान पाच ते दहा हजार असावे लागतात. जीन-एक्सपर्टसारख्या रेणवीय, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या, चाचणीला सुमारे १३० पुरतात. तिचं यंत्र जवळपास दोन तासांत निकाल देतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये तिची शिफारस केली. तुमच्याकडे ती उपलब्ध असेल तर पहिली चाचणी तीच मागा. हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी बघायची मांटू चाचणी आणि रक्ताची इग्रा चाचणी यांतून फक्त लागण कळते. रोग आहे की नाही हे त्यांच्यावरून ठरवता येत नाही, त्यामुळे खोकणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात नुसता त्यांचा रिपोर्ट देऊन काही साधत नाही.

पायरी तिसरी: खिडकी उघडा, मास्क रुग्णाला लावा

निकाल येईपर्यंत आणि औषधाचे पहिले साधारण दोन आठवडे काळजी घ्यायची ती हवेची. एका तासात खोलीतल्या हवेइतकी ताजी हवा दोनदाच आत येत असेल, तर तरंगणारे ९९ टक्के कण निघून जायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. तेच बारा वेळा येत असेल तर सुमारे २३ मिनिटं पुरतात. पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांमध्ये मोजमाप केलं तेव्हा दारं-खिडक्या सताड उघडल्यावर ताशी २८ वेळा हवा बदलत होती. यंत्राने हवा खेचणाऱ्या खास खोल्यांसाठी ठरलेला आकडा १२ आहे. साध्या उघड्या खिडकीने महागड्या यंत्रणेला मागे टाकलं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

समोरासमोरच्या खिडक्या किंवा दार आणि खिडकी एकाच वेळी उघडी ठेवा, म्हणजे हवा आरपार जाते. हवा जिथून बाहेर पडते त्या बाजूला रुग्णाने बसावं-झोपावं, आत येते त्या बाजूला बाकीच्यांनी. पंखा असेल तर हवा खिडकीबाहेर ढकलली जाईल असा ठेवा. घरातला एसी बहुधा आतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो, तेवढे दिवस तो बंद बरा. ऊन येऊ द्या, सूर्यप्रकाशात हा जंतू टिकत नाही. या दिवसांत झोपायची खोली वेगळी असावी. जेवण, गप्पा, भेटी यांना आडकाठी नको, त्या अंगणात, गच्चीत, व्हरांड्यात होऊ द्या.

मास्क रुग्णाने लावला की जास्त उपयोग होतो, कारण कण मुळातच अडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासात रुग्णांनी साधे सर्जिकल मास्क लावल्यावर, त्यांच्या वॉर्डातली हवा मिळणाऱ्या गिनीपिगमधली लागण ५६ टक्क्यांनी घटली. इतरांसाठी कापडी मास्क जवळजवळ निरुपयोगी आहे. बंद जागेत रुग्णाजवळ बराच वेळ काम करणाऱ्यांना चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ लागतो.

आणि हो, कोंडून ठेवायची गरज नाही. १९५६ मध्ये मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांवर घरी उपचार केले, काहींवर आरोग्यधामात. पाच वर्षं पाठपुरावा केल्यावरही घरी उपचार घेतलेल्यांच्या कुटुंबीयांत टीबी जास्त आढळला नाही. औषध चालू असेल तर रुग्ण घरातच, माणसांत राहू शकतो.

पायरी चौथी: घरातला प्रत्येक जण तपासा

गेल्या तीन महिन्यांत रुग्णाबरोबर एका छपराखाली झोपलेले, रोज तासन् तास एकाच खोलीत काम केलेले अशा सगळ्यांची यादी करा. प्रत्येकाची लक्षणं विचारायची, शक्य असेल तर छातीचा एक्स-रे काढायचा. लागणीची चाचणी पॉझिटिव्ह व्हायला दोन ते आठ आठवडे लागू शकतात, त्यामुळे पहिली निगेटिव्ह आली तरी शेवटच्या संपर्कानंतर आठ-दहा आठवड्यांनी ती पुन्हा करावी.

पाच वर्षांखालच्या मुलांना आधी न्या. त्यांच्यात लागणीतून रोग महिन्याभरातही होऊ शकतो आणि तो मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. बीसीजी लस याच गंभीर प्रकारांपासून मुलांना बरंच संरक्षण देते. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या टीबीपासून ती खात्रीने वाचवत नाही, म्हणून ‘लस घेतलीय’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. उलटही लक्षात ठेवा: लहान मुलाला टीबी निघाला तर त्याच्या आसपास खोकणारं मोठं माणूस कोण आहे ते शोधा. मूल सहसा कुणाला लागण देत नाही, त्याला ती कुणाकडून तरी आलेली असते.

रोग नाही याची खात्री झाल्यावर लागण झालेल्यांना प्रतिबंधक उपचार देता येतो. आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस, किंवा रोज आयसोनियाझिड सहा महिने, असे त्याचे प्रकार आहेत. ‘रोग नाही याची खात्री’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

पायरी पाचवी: सहा महिने, चार औषधं

फुप्फुसाच्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यात दहा लाखांमागे एखादा जन्मतःच आयसोनियाझिडला दाद न देणारा असतो, दहा कोटींमागे एखादा रिफॅम्पिसिनला. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि तो एखादा मोकळं रान मिळून वाढतो. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिलं परिणामकारक औषध आलं तेव्हा हेच झालं. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत सुरुवातीला सुधारलेले कितीतरी रुग्ण पुढे औषध लागू न पडल्याने पुन्हा ढासळले. दोन औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू आपोआप असण्याची शक्यता जवळजवळ नसते, म्हणून औषधं नेहमी एकत्र घ्यायची. ‘ही एक गोळी सोसत नाही’ म्हणून ती आपल्या मनाने वगळायची नाही.

नेहमीच्या टीबीत पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, नंतरचे चार महिने मुख्यतः पहिली दोन. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणसाला वाटतं, झालं, बरा झालो. निपचित पडलेले जंतू तेव्हा जिवंत असतात. त्यांना संपवायला पुढचे चार महिने लागतात. कोर्स सोडला जातो तो बहुतेकदा याच टप्प्यावर.

त्रासाबद्दल आधीच माहीत असलेलं बरं. रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू नारिंगी-लालसर होतात. घाबरू नका, ते निरुपद्रवी आहे. त्याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, तेव्हा दुसरं साधन वापरा. तळपायांना मुंग्या आल्या तर बी-६ जीवनसत्त्वाबद्दल विचारा. सांधे दुखणं पायराझिनामाइडमुळे असू शकतं. नजर धूसर होणं किंवा लाल-हिरव्या रंगातला फरक न कळणं ही इथॅम्ब्युटॉलची खूण आहे, लगेच सांगा. सर्वांत गंभीर त्रास यकृताचा. सतत उलट्या, अन्नाचा तिटकारा, पोटाच्या उजव्या बाजूला वर दुखणं. लघवीचा रंग तर आधीच बदललेला असतो, म्हणून आरशात डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पिवळा दिसला तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या काळात दारू पूर्ण बंद.

गोळ्यांची वेळ रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांधून टाका आणि घरातल्या एकाने प्रेमाने लक्ष ठेवा, पहारेकऱ्यासारखं नाही. दर महिन्याला वजन करा. दोन महिने झाल्यावर पुन्हा बेडका द्या. तेव्हाही जंतू दिसले तर औषध लागू पडतंय का ते तपासावं लागतं. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्ही लागू पडत नसतील तर त्याला एमडीआर टीबी म्हणतात. पूर्वी त्याचे उपचार दीड-दोन वर्षं चालायचे. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना अशा अनेक रुग्णांसाठी बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा, पूर्णपणे गोळ्यांचा उपचार सुचवते आहे.

औषध संपल्यावर

शेवटच्या महिन्यात बेडक्याची तपासणी करून ‘बरा झाला’ अशी लेखी नोंद घ्या. कुठली औषधं, किती दिवस, कुठल्या तारखेपर्यंत घेतली तो कागद जपून ठेवा. एक्स-रेवर जुना डाग आयुष्यभर राहू शकतो, ती जखमेची खूण आहे. दुसऱ्या डॉक्टरने नवा टीबी समजू नये म्हणून जुना एक्स-रे दाखवायला बरोबर न्या. टीबी उलटलाच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून तेवढा काळ दर सहा महिन्यांनी दाखवून या. मधेच खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर सकाळी चूळ भरून पुन्हा बेडका द्या, आणि डबा देताना आधी एकदा कोर्स झाला आहे हे आवर्जून सांगा. अशा बेडक्याची औषधं लागू पडतात का ही चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी.